जुळल्यावर चाल बघायची

आमच्या दवाखान्यात खिडकीच्या वर एक लांब फळी होती. तिच्यावर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले असायचे. पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायचं, त्यात प्लास्टर ओतायचं, आणि त्या जबड्यावर कवळी तयार करायची. कवळी पेशंट घेऊन जातो, जबडा आमच्याकडेच राहतो. बुडाला मी पेन्सिलीनं नाव लिहून ठेवायचो. डॉक्टर दर दिवाळीला म्हणायचे, "टाकून द्या ती, जागा अडतेय." मी हो म्हणायचो आणि एक नवी फळी ठोकायचो. एकेका जबड्यामागं एकेक किस्सा होता, आणि किस्सा टाकवत नाही माणसाला.

सत्तर ते ऐंशीच्या मधली ही वर्षं. दवाखाना सांगलीत, आणि दर पंधरवड्याला एक बुधवार साताऱ्यात राजवाड्याजवळच्या भाड्याच्या खोलीत. मी तिथं मेकॅनिक होतो. म्हणजे कवळ्या बनवणारा. पण बाहेरच्या पाटीवर नुसतंच 'मेकॅनिक' लिहिलेलं असल्यामुळं एकदा एक गृहस्थ बंद पडलेली लूना ढकलत आत घेऊन आले होते.

तर हे सगळे किस्से खरं म्हणजे एकाच माणसाचे आहेत. आमच्या बापूंचे.

*

बापू आमच्याकडे कंपाउंडर म्हणून लागले तेव्हा साठीला आले होते. त्याआधी तीस-पस्तीस वर्षं ते बैलबाजारात हेडे होते. हेडा म्हणजे बैलांचा सौदा जुळवणारा दलाल. तो धंदा त्यांनी एकाएकी सोडला होता. का, ते तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांच्या वडिलांची ओळख होती, एवढ्यावर ते आले. पांढरी टोपी, मनगटाएवढं जाड बोट आणि तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात.

पहिल्याच दिवशी एक मामलेदार आले. नुकतेच रिटायर झालेले. डॉक्टर बेसिनपाशी हात धूत होते. बापूंनी मामलेदारांना खुर्चीत बसवलं, डावा अंगठा त्यांच्या खालच्या ओठात घातला, ओठ खाली ओढला, वाकून बघितलं आणि डॉक्टरांना हाळी दिली, "जुळल्याला हाय. पर वापारलाय लय."

डॉक्टरांच्या हातातला साबण बेसिनमध्ये पडला. मामलेदार लालबुंद. "काय म्हणाला हा?"

"दात सगळे आलेत म्हणतोय," डॉक्टरांनी सावरायचा प्रयत्न केला.

"वरचं बघितलं न्हाईत, सायेब," बापू नम्रपणे म्हणाले. "बैलाला वरनं म्होरचं दात नसत्यात. आमाला वरचं बघायची सवय न्हाई."

मला वाटलं, संपलं. पेशंटही गेला आणि बापूही गेले. पण मामलेदारांनी आयुष्यभर शेतसाऱ्याच्या निमित्तानं गावं पालथी घातलेली. त्यांनी बापूंकडे थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "मग माझं वय किती सांगशील?"

"दातावरनं न्हाई सांगता येत. जुळल्यावर चाल बघायची. जरा दारापातूर जाऊन या."

आणि तुम्हाला सांगतो, मामलेदार उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. बापू खाली बघत होते, त्यांच्या पायांकडे.

"अठ्ठावन सरून सा म्हैनं झालं आसतील. आन उजव्या गुडघ्याला जुनी इजा हाय. घोड्यावरनं पडलाय तुमी."

मामलेदार खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "अडतीस साली. आमच्या हिच्याशिवाय कुणाला माहीत नाही."

त्या दिवसापासून त्यांनी ओळखीचा प्रत्येक माणूस आमच्याकडे पाठवला. दात दुखत असो वा नसो.

*

मधल्या चहाच्या वेळी मी बापूंकडून ही विद्या समजून घ्यायचो. खोंडाच्या तोंडात दुधाचे दात असतात तोवर तो आदत. दोन पक्के दात आले की दुसा. चार आले की चौसा. मग सहादाती. आणि आठही आले की जुळला. तिथून पुढं बैल आठ वर्षांचा आहे की बारा, ते नुसते दात बघून छातीठोक सांगता येत नाही. त्याची चाल बघायची, जोखडाखाली मान कशी घालतो ते बघायचं.

"मानसाचंबी तसंच," बापू म्हणायचे. "चाळिशीला मानूस जुळतुया. तितनं म्होरं त्येचं वय इचारायचं न्हाई. जात इचारायची."

जात म्हणजे बैलाची तऱ्हा. बाकावर बसलेल्या माणसांकडे बापू दारातून एक नजर टाकायचे आणि आत येऊन माझ्या कानात सांगायचे, "दोन बुजरं, एक मारका, आन त्यो कोपऱ्यातला ओढाळ." पुढच्या तासाभरात ते चौघे अगदी तसेच वागायचे. मारका डॉक्टरांच्या बोटाला चावायचा. मी आधी योगायोग म्हणायचो. दोन वर्षांनी म्हणायचं सोडून दिलं.

ओढाळ म्हणजे दावं तोडून दुसऱ्याच्या रानात शिरणारं जनावर. महाबळेश्वरचे एक हॉटेलवाले असे होते, वय पन्नाशीचं. खालची कवळी आमच्याकडून करून घेतली आणि वरची पुण्याहून. दोन्हींचं जमेना. बोलायला लागले की टाळ वाजवल्यासारखा आवाज. ओढाळ गुराच्या गळ्यात लाकडाचं लोढणं बांधतात, हा बापूंचा अनुभव. त्यांनी हॉटेलवाल्यांची टोपी काढून घेतली आणि कुलपात ठेवली. "काम पुरं झालं की मिळंल." माणूस बोडक्यानं तीन वेळा महाबळेश्वरला जाऊन आला, पण काम पुरं करून गेला.

डॉक्टर कुठल्या जातीचे, असं मी विचारलं होतं. "धुरंचा," बापू म्हणाले. चार बैलांच्या नांगराला सगळं ओझं ज्या जोडीवर येतं ती धुरेची. "आणि मी?" "तू आजून सादाती हायस गड्या. जुळलास की सांगतो."

"आणि तुम्ही स्वतः, बापू?"

ते चहा प्यायले, कप विसळला आणि म्हणाले, "मी बसका."

बसका म्हणजे नांगर चालू असताना मधेच बसकण मारणारा बैल. तो कुणी विकत घेत नाही. मला वाटलं, थट्टा करतायत.

*

आता सुभेदारांचा किस्सा. साताऱ्याकडचे, उसाची शेती, दोन लढाया बघून आलेले. मिशा अशा की वेटिंगरूममधली पोरं गप्प बसायची. बापूंनी दारातून बघितलं आणि म्हणाले, "बुजरा."

"अहो बापू, त्यांच्या छातीवर पदकं लावायला जागा नाही."

"छातीला काय करायचंय? कान बघ."

मापाचा ट्रे तोंडात घातला आणि सुभेदार खुर्चीतून असे उठले की दिव्याला डोकं आपटलं. दुसऱ्यांदा तेच. माप घट्ट होईपर्यंत पाच मिनिटं तोंड हलवायचं नसतं, बोलता येत नाही, गळ्याशी गुदमरल्यासारखं होतं. सुभेदारांच्या कपाळावर घाम. डॉक्टर म्हणाले, राहू द्या, पुढच्या खेपेला बघू. म्हणजे पुढचे पंधरा दिवस सुभेदार पेजेवर.

बापूंनी एक स्टूल ओढलं आणि खुर्चीला खेटून बसले. बुजऱ्या बैलाच्या शेजारी शांत बैल उभा करतात तसे. सुभेदारांच्या मांडीवर टॉवेल होता, त्याच्याखाली हात घातला आणि त्यांचा हात धरला.

"सुबेदार, आमच्या बाजारात तोंडानं कोन बोलत न्हाई. पटक्याखाली हात धरायचा आन बोटं दाबायची. कुनाला कळत न्हाई. आता तुमी तसंच बोला. एक बोट म्हंजे थांबा. दोन म्हंजे दुखतंय. तीन म्हंजे वकारी येतीय. पाची म्हंजे बराय."

ट्रे आत गेला. बापू बोलत राहिले, बैलबाजाराच्या गोष्टी, हळू आवाजात. टॉवेलखाली काय चाललंय ते आम्हाला दिसत नव्हतं. मधेच डॉक्टर विचारायचे, "किती बोटं?" बापू सांगायचे, "तीन हुती. आता पाच." पाच मिनिटांनी माप निघालं. इतकं स्वच्छ माप माझ्या हातात त्या वर्षात आलं नव्हतं.

सुभेदार तोंड पुसून म्हणाले, "आमच्या पलटणीत तुमच्यासारखा एक पायजे हुता, बापू." आणि मग बराच वेळ त्यांनी बापूंचा हात सोडलाच नाही.

तिथून टॉवेलची पद्धत कायमची पडली. डॉक्टर पेशंटला विचारायचेच नाहीत, बापूंना विचारायचे, "किती बोटं?" बाजारात ह्याच बोटांनी दातही सांगायचे, असं बापूंनी मला एकदा दाखवलं होतं. मूठ म्हणजे आदत, दोन बोटं म्हणजे दुसा, चार म्हणजे चौसा. पण त्याचा दवाखान्यात काही उपयोग नव्हता.

*

साताऱ्याच्या बुधवारी दोन म्हातारे भाऊ यायचे. दोघंही सत्तरीच्या पुढचे. थोरला नेहमी बाकाच्या उजव्या बाजूला, धाकटा डाव्या. "जोडी हाय," बापू म्हणाले. "थोरला भाएरचा, धाकला आतला. आदलाबदल केली तर चालनार न्हाईत." मी गंमत म्हणून एकदा त्यांना उलटं बसवलं. दोघंही कासावीस. पाच मिनिटांत उठून आपापल्या जागी गेले.

पुढं दोन-तीन बुधवार ते आलेच नाहीत. मग एका बुधवारी थोरला एकटाच आला. बाकाच्या उजव्या टोकाला बसला, डावीकडे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. खोलीत गर्दी होती, माणसं उभी होती, तरी त्या जागेवर कुणी बसेना. त्याच्या बसण्यातच काहीतरी होतं.

बापूंनी दारातून बघितलं. मला काही सांगितलं नाही. बाहेर गेले आणि त्या रिकाम्या जागेत जाऊन बसले. म्हातारा पुढंच बघत होता. थोड्या वेळानं त्याची मान डावीकडे कलली आणि तो बोलायला लागला. ऊस, पाणी, पोरांची भांडणं. बापू हूं हूं करत होते. तासभर आमचं सगळं काम बापूंशिवाय अडलं आणि डॉक्टरांनी त्यांना हाक मारली नाही.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"जोडीतला एक गेला की दुसरा लगीच मरत न्हाई," बापू म्हणाले. "पर त्येला एकट्याला हुबा ऱ्हाऊ द्यायचा न्हाई."

कराड आलं तसे ते खिडकीकडे बघत म्हणाले, "आमच्या घरी एक हाय. तिचं सगळं दात गेल्यात. आठ वर्सं झाली, पदर तोंडावरनं हालत न्हाई. साऱ्या मुलकाची तोंडं उघडतुया मी, आन तिचं काय उघडंना."

हौसाक्कांबद्दल, म्हणजे बापूंच्या बायकोबद्दल, मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

*

दुसा जातीचा माणूस मात्र बापूंना सापडत नव्हता. दुसा म्हणजे पहिल्यांदा जोखड मानेवर घेणारा. अंगात रग, शिकायची हौस, पण मधेच उधळायचा. त्याला चाबूक दाखवायचा नाही, पाठीवर हात फिरवायचा. "पन्नाशीच्या म्होरं दुसा घावायचा न्हाई," बापू म्हणायचे. "घावला तर देवच पावला."

तो घावला हेडमास्तरांच्या रूपात. वय एकसष्ट. पुढचे चार दात पडलेले. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास होतो? चावायला? बोलायला?

हेडमास्तरांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मला शीळ घालायची आहे."

डॉक्टरांनी हातातला आरसा खाली ठेवला.

"छत्तीस वर्षं शाळेत शीळ घालणाऱ्या पोरांना मी छडी मारली. एकालाही सोडलं नाही. आता रिकामा बसल्यावर मला असं वाटतं की मला स्वतःला ती कधी जमलीच नाही. म्हणून मारत होतो की काय?"

बापूंनी माझा दंड एवढ्या जोरात धरला की आठवडाभर काळानिळा होता. "दुसा," ते कुजबुजले. "दुसा हाय, दुसा."

दात बसवले. शीळ वाजेना. हेडमास्तर दुसऱ्या दिवशी हजर. पुढच्या दोन दातांमधली फट मी केसाएवढी वाढवली. नुसती हवा. परत घासलं. परत हवा. सहाव्या खेपेला माझा संयम सुटला आणि मी म्हणालो, "गुरुजी, हे दात चावायला असतात." बापूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा घासायच्या मोटरवर बसलो. दुसा असला की त्याला चाबूक दाखवायचा नसतो.

आठव्या की नवव्या खेपेनंतर एका सकाळी आम्ही दवाखाना उघडत होतो आणि मारुती रोडवरून शीळ आली. बेसूर होती, पण शीळ होती. सायकलवरून हेडमास्तर चालले होते. रस्त्यातली मोठी मोठी बाप्ये माणसं दोन्ही हात मागं घेऊन शिस्तीत उभी राहिली होती. त्यांचेच विद्यार्थी.

*

आता कानशीचा किस्सा.

त्या वेळी कवळीचे दात मुंबईहून तयार यायचे, पांढरेशुभ्र, अठरा वर्षांच्या मुलीच्या तोंडात शोभतील असे. ते साठ-पासष्टच्या माणसाच्या तोंडात बसले की खोटे आहेत हे लांबून कळायचं. वाळव्याकडच्या एक पाटलीणबाई होत्या, पासष्टीच्या. कवळी लावून आरशात बघितलं आणि काढून टेबलावर ठेवली. "ह्ये घालून मी लेकीच्या सासरी जाऊ? मानसं म्हनतील म्हातारी पुन्ना नवरी झाली."

त्या गेल्यावर बापूंनी कवळी उचलली. उजेडाला धरली. मग पिशवीतून एक जुनी, लाकडी मुठीची बारीक कानस काढली आणि खिडकीत बसून एकेक दात हलकेच घासायला लागले. इथं किंचित झीज, तिथं एक कोपरा बोथट, एक सुळा जरा आखूड. मी नऊ वर्षं मुरलेला मेकॅनिक. मला शिकवलं होतं ते दात सारखे करायला. हा माणूस दातांना वय देत होता. तासाभरानं त्यांनी कवळी माझ्या हातात ठेवली आणि माझ्या अंगावर काटा आला. पासष्ट वर्षं भाकरी खाल्लेले दात होते ते.

"बापू, हे तुम्ही कुठं शिकलात?"

ते कानस पुसत होते. "पाप करताना."

मग त्यांनी सांगितलं. एक उतरलेला खिलार बैल होता, बारा वर्षांचा. बापूंनी त्याच्या शिंगांवरची, वय सांगणारी वळी तासली, ह्याच कानशीनं दात घासून सारखे केले, आणि 'नुकता जुळलाय' म्हणून पूर्वेकडच्या दुष्काळी भागातल्या एका माणसाला विकला. मेंढरं सोडून नव्यानं शेती करणारा माणूस, बैलाची पारख नसलेला. आठ दिवसांत बैल नांगराला बसला तो उठलाच नाही. माणूस भांडायला आला नाही. बापूंच्या दारात उकिडवा बसला आणि हौसाक्कांना म्हणाला, "वैनी, बैल बसला."

हौसाक्कांनी त्याला भाकरी वाढली. मग गोठ्यात गेल्या, आपल्या जोडीतल्या चांगल्या बैलाचा कासरा सोडला आणि त्याच्या हातात दिला. बापूंना म्हणाल्या, "बैल न्हाई बसला. तुमी बसलाय." बापू पुन्हा बाजारात गेले नाहीत.

"त्या टायमाला तिचं दात धड हुतं," बापू म्हणाले. "पुढं पडलं. मी म्हनलं, चल, आमच्या डॉक्टरकडं नवं बसवू. ती काय म्हनली ठावं हाय? 'खोट्या दातानं एकडाव घर नासलंय. आता माझ्या तोंडात घालताय व्हय?'"

हुरड्याच्या दिवसात घरातली सगळी माणसं शेतात आगटीभोवती बसायची आणि हौसाक्का लांब, पाठ करून, ताकात भाकरी कुस्करून खायच्या. आठ वर्षं. बापूंना कवळीचं काही नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं की तिनं परत माणसांत बसून घास खावा, आणि त्यांच्याकडं तोंड करून खावा.

पाटलीणबाई कवळी लावून लेकीच्या सासरी जाऊन आल्या. कुणाला काही कळलं नाही. आणि तिथून पुढं आमच्याकडची एकही कवळी बापूंच्या कानशीखालून गेल्याशिवाय बाहेर पडली नाही.

*

हा शेवटचा.

संक्रांतीच्या आधीचे दिवस होते. सकाळची पहिली एसटी आली असावी. मी दवाखाना झाडून घेत होतो. बाकावर एक म्हातारी बसलेली, नऊवारी, तोंडावर पदर. शेजारी हेडमास्तर त्यांची दातांची फट पुन्हा दाखवायला आलेले. बापू बेसिनमागं पाणी तापवत होते.

"काय होतंय, आज्जी?" मी विचारलं.

"हितं एक कानस हाय म्हनं," पदरातून आवाज आला. "मला दावा."

मी काय समजायचं ते समजलो. आत गेलो, बापूंच्या पिशवीतून कानस काढली आणि आणून दिली. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली, लाकडी मुठीवरून अंगठा फिरवला. ओळखीची होती.

"वाळव्याची पाटलीन माझ्या म्हायेरची," त्या म्हणाल्या. "तिचं दात बघितलं मी. ती म्हनली, ह्ये खोटं न्हाईत, माझ्या वयाचं हायत. बापूनं ह्याच कानशीनं घासल्यात म्हनली. खरं हाय का?"

"खरं आहे. पोरीचे दात येतात, बापू त्यांना म्हातारे करतात."

हौसाक्कांनी पदराच्या टोकानं कानस पुसली. "तवा म्हाताऱ्याला तरना केला हुता," त्या म्हणाल्या, आणि कानस मला परत दिली.

एवढ्यात बापू गरम पाण्याचं भांडं घेऊन बाहेर आले. भांडं त्यांच्या हातातून पडलं नाही, पण पाणी अर्धं सांडलं. हौसाक्का त्यांच्याकडे न बघता उठल्या, सरळ खुर्चीत जाऊन बसल्या आणि नुकत्याच आलेल्या डॉक्टरांना म्हणाल्या, "माझ्या वयाचं बसवा. येक दिस कमी नगं." आणि आठ वर्षांनी तोंडावरचा पदर खाली केला.

डॉक्टरांनी ट्रे भरला, तोंडात बसवला. "पाच मिनिटं, आक्का. हलायचं नाही."

बापू स्टुलावर बसले. टॉवेलखाली हात घातला. हजारभर माणसांना तिथं बसून गोष्टी सांगितलेले बापू त्या दिवशी नुसता टॉवेलच सारखा करत होते. घड्याळ चाललं होतं. दोन मिनिटं गेली असतील. मी प्लास्टर कालवायला वाटी घेऊन अगदी पाठीशी उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं. ते हौसाक्कांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "अगं, मी आजून बसकाच हाय का?"

तोंडात ट्रे. हौसाक्का वर छताकडे बघत होत्या. मग टॉवेल थोडासा हलला.

बापूंचे डोळे भरून आले आणि खांदे हलायला लागले. डॉक्टर घाबरले.

"बापू, किती बोटं?"

"दोन," बापू कसेबसे म्हणाले.

"दोन? अहो, मग सांगत काय नाही? दुखतंय त्यांना. काढतो मी ट्रे."

डॉक्टर पुढं झाले. हौसाक्कांनी मान हलवली, नाही. टॉवेलखालून हात बाहेर काढला आणि दोन बोटं बापूंच्या छातीवर टेकवून ठेवली.

"ऱ्हाऊ द्या, डॉक्टर," बापू म्हणाले. "ही दवाखान्याची बोटं न्हाईत. बाजारातली हायत, दात सांगायची."